फुकेतहून फी फी: पोहता येत नसलं तरी स्नॉर्केलिंगचा दिवस नीट कसा घालवायचा

थायलंडमध्ये फुकेत किंवा क्राबीला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण एक दिवस जवळच्या फी फी बेटांच्या स्पीडबोट ट्रिपसाठी राखून ठेवतोच. संध्याकाळी परत आलेल्यांना विचारा कसं झालं, तर तिथल्या माया बे या गाजलेल्या किनाऱ्याचे फोटो निघतात भराभर, पण पाण्यात उतरलात का विचारलं की बरेच जण म्हणतात, मास्कमध्ये पाणी गेलं, नाकातोंडात खारट गेलं, मग बोटीवरच बसून राहिलो. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट, म्हणजे प्रवाळ आणि मासे, पाण्याखाली दोन-तीन मीटरवरच असते आणि स्नॉर्केलिंग करून, म्हणजे मास्क लावून तोंडातल्या नळीने (स्नॉर्केल) श्वास घेत तरंगत, ती बघायला पट्टीचं पोहता यावं लागत नाही, श्वास कसा घ्यायचा तेवढं कोणीतरी आधी शांतपणे सांगायला हवं. बोटीवरचा गाइड एकदम तीस-चाळीस लोकांना इंजिनाच्या आवाजात दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो, त्याला तरी इलाज नसतो. म्हणून सगळं आधीच क्रमाने लिहितोय. फी फी धरून लिहिलंय, क्राबीहून गेलात तरी बेटं तीच.

आधी महिना बघा, मग पॅकेज

हा अंदमान समुद्राचा पूर्वेकडचा काठ, म्हणजे आपली अंदमान बेटं ज्या समुद्रात आहेत त्याचीच पलीकडची बाजू. त्यामुळे नैऋत्य मोसमी वारे इथेही मे ते ऑक्टोबर झोडपतात. त्या दिवसांत ट्रिपा बंद नसतात, स्वस्तही मिळतात, पण लाटा मोठ्या आणि पाणी गढूळ, आणि हवा बिघडली तर लहान बोटींना बाहेर पडू देत नाहीत. पहिल्यांदाच स्नॉर्केलिंग करणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिल यातला महिना धरा, त्यातही फेब्रुवारी-मार्चला समुद्र बऱ्याचदा अगदी सपाट असतो. पाणी वर्षभर २८ ते ३० अंशांच्या आसपास, त्यामुळे थंडी वाजायची भीती मनातून काढून टाका.

अजून एक, माया बे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात. त्यामागची गोष्ट माहीत असलेली बरी. एका हॉलिवूड सिनेमामुळे हा किनारा इतका गाजला की रोज पाच हजारांच्या आसपास माणसं तिथे उतरायला लागली, बोटी थेट प्रवाळांवर नांगर टाकायच्या, आणि प्रवाळांची अक्षरशः वाट लागली. शेवटी जून २०१८ मध्ये किनारा पूर्ण बंद केला. बँकॉकच्या कासेटसार्ट विद्यापीठातले सागरी शास्त्रज्ञ थॉन थामरोंगनावासावात आणि इतरांनी हे लावून धरलं होतं. नव्याने प्रवाळ लावले आणि थेट जानेवारी २०२२ मध्ये किनारा परत उघडला. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क परत त्या खाडीत फिरायला लागले! ते माणसाला काही करत नाहीत, नशीब असेल तर काठावरूनच दिसतात. आता बोटी पुढच्या बाजूने आत येतच नाहीत, मागच्या लो समाह खाडीतल्या तरंगत्या जेट्टीला लागतात आणि तिथून लाकडी पायवाटेने चालत पलीकडे जायचं. पाण्यात फार तर गुडघ्यापर्यंत, पोहायला बंदी. तेव्हा माया बेला पोहायला मिळेल या आशेने बुकिंग करू नका.

तारीख हातात असेल तर कॅलेंडरमध्ये तिथीसुद्धा बघा, हे कोणी सांगत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणजे पाण्याला ओढ जास्त आणि ओहोटीला उथळ जागी बोट आत शिरत नाही. अष्टमीच्या पुढेमागे भांगाचे दिवस असतात, तेव्हा ओढ कमी आणि पाणी सहसा जास्त नितळ. नवख्या माणसाला याने खूप फरक पडतो.

बुकिंग करताना हे विचाराच

किती बेटं दाखवणार यापेक्षा पाण्यात किती वेळ देणार ते विचारा. सात-आठ नावांची लांबलचक यादी असते पण त्यातल्या व्हायकिंग केव्हला उतरू देत नाहीत, बोट समोर थांबते, फोटो काढा आणि चला. मंकी बीचचंही पुष्कळदा तसंच. मला विचाराल तर दोन चांगले स्नॉर्केलिंग स्टॉप, प्रत्येकी निदान पाऊण तास, आणि तीन-चार बेटं, एवढीच ट्रिप घ्या. नावं कमी असली तरी चालेल.

सुटायची वेळ विचारा. सहा-सात वाजता निघणाऱ्या बोटी थोड्या महाग असतात पण डोळे झाकून तीच घ्या. सकाळी वारा कमी, पाणी सपाट, गर्दी यायच्या आत तुम्ही पोचलेले असता. नऊ-दहाला निघणाऱ्या बोटी सगळ्या एकाच वेळी एकाच जागी पोचतात आणि मग पाण्यात माशांपेक्षा लाइफ जॅकेटंच जास्त दिसतात.

नॅशनल पार्कची फी पॅकेजमध्ये धरली आहे का तेही विचारून घ्या. परदेशी मोठ्यांना ४०० बाथ, लहान मुलांना २०० बाथ, आणि बऱ्याच स्वस्त पॅकेजमध्ये ती धरलेली नसते, जेट्टीवर रोख मागतात. विमा आहे का, मुलांच्या मापाची जॅकेटं आणि मास्क आहेत का, एका बोटीत किती माणसं आणि किती गाइड, हेही विचारा. उत्तर नीट देत नसतील तर दुसरीकडे जा, फुकेतमध्ये ट्रिप विकणाऱ्यांची काही कमी नाही.

आणि हे महत्त्वाचं: गरोदर बायकांना स्पीडबोटीवर घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनीसुद्धा स्पीडबोट टाळा, ती लाटांवर इतकी आपटते की धडधाकट माणसाचाही कणा हलतो. आई-बाबा बरोबर असतील तर रासादा जेट्टीवरून फी फीला मोठी फेरी जाते, वेळ जास्त लागतो पण आरामात बसता येतं. हृदयाचा त्रास किंवा बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्नॉर्केलिंग करू नका, कारण पाण्यात दम लागला तर हार्टवर ताण येतो आणि तो वरून कोणाला दिसत नाही.

शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा आणि जेवायला बसताना परत सांगा. भाज्यांतसुद्धा फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस घालायची तिथे सर्रास पद्धत आहे. ‘जे’ म्हटलं की त्यांना मांस-मासे-अंडं काही नको हे कळतं, मात्र त्यात कांदा-लसूणही येत नाही. बाकी भात आणि कलिंगड-अननस तर असतंच.

आदल्या दिवशी

हॉटेलला पूल असेल तर मास्क आणि स्नॉर्केल घेऊन अर्धा तास तिथे प्रॅक्टिस करा. एवढा एकच सल्ला ऐकलात तरी दिवस सुधारेल. स्वतःचा मास्क घेणं परवडत असेल तर घ्या, बोटीवरचे मास्क शंभर जणांनी वापरलेले असतात आणि मापाचा मिळेलच असं नाही. विकत घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा, पडला नाही तर तो तुमच्या मापाचा. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी आत येतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, दुकानदाराला विचारा. तोंडभर येणारे फुल फेस मास्क दिसायला सोपे वाटतात पण मी ते कोणालाच सुचवणार नाही, आत श्वासाची हवा साठू शकते आणि घाबरल्यावर पटकन निघत नाहीत.

बॅगेत जास्त काही नको. पातळ पंचा, सुका कपड्यांचा जोड, ड्राय बॅग, पाण्याची बाटली, थोडे रोख पैसे, पासपोर्टचा फोटो. अंगात लायक्राचा फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घाला. स्नॉर्केलिंग करताना पाठ, मानेची मागची बाजू आणि पोटऱ्या तासभर वर असतात, पाण्याच्या गारव्यात कळत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही. कपडे घातले की सनस्क्रीनही कमी लागतं. सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा, थायलंडने ऑगस्ट २०२१ पासून सागरी नॅशनल पार्कांमध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्यूटिलपॅराबेन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. झिंक ऑक्साइडवालं घ्या.

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघायच्या साधारण तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. अ‍ॅव्होमिनने काही जणांना झोप येते, तो अंदाज घरीच घ्या. आणि आदल्या रात्री दारू नको, जागरण नको. सकाळी अगदी उपाशीही जाऊ नका, केळं-टोस्ट असं हलकं काहीतरी खा.

जेट्टी आणि बोट

पातोंगसारखे किनारे बेटाच्या पश्चिमेला आणि फी फीच्या जेट्ट्या पूर्वेला, त्यामुळे व्हॅन हॉटेला-हॉटेलांवरून लोकांना गोळा करत तासाभराने पोचते. तिथे मनगटावर पट्टा किंवा छातीवर स्टिकर लावतात, तो सांभाळा आणि बोटीचं नाव किंवा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा, कारण बेटावर एकसारख्या पन्नास बोटी उभ्या असतात. बोटीत चढताना चपला टोपलीत जमा करून घेतात. पाण्यातले पातळ बूट असतील तर ते पायातच राहू द्या, तापलेल्या वाळूवर आणि दगडांवर फार कामी येतात.

बसायची जागा ही मोठी गोष्ट आहे. पुढच्या टोकाला बसायला सगळे धावतात, वारा लागतो, फोटो छान येतात, पण बोट तिथेच सर्वात जास्त उसळते. तुम्ही मागे, इंजिनाच्या जरा पुढे बसा, तिथे झटके सगळ्यात कमी. मोठी लाट दिसली की गुडघे थोडे वाकवून बूड किंचित उचला. मळमळलं तर फोन ठेवून द्या आणि लांब क्षितिजाकडे बघत राहा, उलटी होणारच असेल तर वाऱ्याची दिशा बघून बाजूला, आणि लाजू नका, बोटीवरच्या लोकांना ते रोजचंच असतं. पोचायला पाऊण ते एक तास लागतो.

पाण्यात उतरताना

आता मुख्य भाग. लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी, आणि खालचे पट्टे घट्ट आवळा, पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही. पट्टा सैल राहिला की पाण्यात जॅकेट कानापर्यंत वर चढतं आणि तिथूनच माणूस घाबरायला लागतो.

मास्कच्या काचेला आतून थुंकी लावा, चोळा, समुद्राच्या पाण्यात एकदा विसळा. किळस वाटेल पण वाफ धरत नाही, बेबी शाम्पूचा एक थेंबही चालतो. मास्कखाली एकही केस राहू देऊ नका, पट्टा कानांच्या वर डोक्याच्या मागे घ्या. पाणी आत यायला लागलं की लोक पट्टा अजून आवळतात, त्याने मास्कची कड दुमडते आणि पाणी आणखी येतं. स्नॉर्केलचं रबर ओठ आणि हिरड्यांच्या मधे बसवा, त्या दोन गुठळ्या दातांनी अलगद धरा, जबडा आवळून चावू नका.

उतरल्या उतरल्या कुठेही जायचं नाही. शिडी धरा किंवा गाइडच्या तरंगत्या रिंगची दोरी धरा, तोंड पाण्यात घाला आणि नुसता श्वास घ्या. पहिल्या काही श्वासांना शरीर नको म्हणतं, चेहरा पाण्यात आणि श्वास चालू हे मेंदूला पटतच नाही, त्यामुळे सगळे भराभर छोटे छोटे श्वास घेतात आणि दम लागतो. उपाय एकच: श्वास सावकाश आणि पूर्ण बाहेर सोडा. आत घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप येतो. नळीतून स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, तो लांब आणि संथ झाला की समजा जमलं. यात पाच मिनिटं गेली, दहा गेली, जाऊ द्या, बाकीचे पुढे गेले तरी.

नळीत पाणी शिरलं तर घाबरून मास्क ओरबाडू नका. तोंडाने जोरात एकच फुंकर मारा, पाणी वरून उडून जातं. मास्कमध्ये शिरलं तर डोकं वर काढा, खालची कड जराशी उचला, पाणी गळून जाईल. आणि नाकाने श्वास सोडत राहिलात तर काच धुरकट होणारच.

मग हात पुढे ताणा आणि पालथे सैल पडून राहा. लाइफ जॅकेट तुम्हाला उभं करायला बघतं, छाती पुढे रेलली की सपाट तरंगता येतं. नजर खाली आणि किंचित पुढे ठेवा, फार पुढे बघितलं की मान वर होते आणि नळी पाण्यात जाते. फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) असतील तर मांडीपासून हळू हलवा, सायकल चालवल्यासारखे पाय मारू नका, त्याने माणूस दमतो आणि जागच्या जागी राहतो.

शांत झालात की आधी ऐका. कढईत मोहरी तडतडते तसा आवाज सगळीकडून येत असतो, ती बारीक कोळंबीची एक जात आहे, एक नांगी फटकन मिटून हा आवाज करते. मधेच कुरूकुरू ऐकू आलं तर जवळपास पोपटमासा आहे, हिरवा-निळा, चोचीसारखे दात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, आणि त्याच्याबरोबर प्रवाळाचा जो चुरा पोटात जातो तो वाळू होऊन बाहेर पडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर दुपारी बसणार आहात तिच्यातली काही त्याच्या पोटातून आलेली आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे तर घोळक्याने तुमच्या मास्कपाशीच येतील. एका जागी तरंगत राहिलात तर सगळं तुमच्याकडे येतं, पाठलाग केलात तर पळतं.

प्रवाळांवर उभं राहायचं नाही. दमलात, घाबरलात, तरी नाही, पाठीवर उताणे व्हा आणि हात वर करून गाइडला बोलवा. प्रवाळ म्हणजे दगड वाटतो पण वरचा थर जिवंत प्राण्यांचा असतो, मोठ्या घुमटासारख्या प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे ढोपराएवढा घुमट तुमच्या वयापेक्षा मोठा असू शकतो, आणि फिनच्या एका लाथेने तो दुखावतो. २०१० मध्ये पाणी तापून अंदमान समुद्रातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, २०२४ मध्येही गरम पाण्याने फटका बसला, त्यामुळे जे शिल्लक आहे त्याला निदान आपला धक्का लागू नये असं मला मनापासून वाटतं. माशांना ब्रेड टाकू नका, कोणी हातात दिला तरी. शंख-प्रवाळाचे तुकडे उचलू नका, पार्कमध्ये तो गुन्हा आहे.

दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून बोट कुठे आहे ते बघा. ओढ असेल तर आधी ओढीच्या विरुद्ध दिशेला जा, म्हणजे परतताना पाणीच आणून सोडेल. जोडीने राहा. बोटीच्या मागच्या बाजूला पंखे असतात आणि शिडीही बहुतेक तिथेच, कॅप्टनने इंजिन बंद करून खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही. हात वर करून हलवला म्हणजे मदत हवी हे गाइडबरोबर आधीच पक्कं करा. आणि खोल बुडी मारण्यासाठी जोरजोरात श्वास घेऊन दम साठवायचा प्रकार करू नका, त्याने पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

बेटांवर

पिले लगूनमध्ये चारी बाजूंना चुनखडीचे कडे आणि मधे हिरवट निळं पाणी, तिथे पोहता येतं, पण प्रवाळ फारसे नाहीत, तेव्हा मास्कचा हट्ट सोडून नुसते तरंगा. व्हायकिंग केव्हमध्ये बांबूचे मचाण दिसतील, पाकोळ्यांची घरटी काढायला माणसं त्यावर चढतात, चिनी सुपासाठी त्यांना प्रचंड भाव आहे. माकडांपासून लांब राहा, पिशवीत खायचं काही ठेवू नका, चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. जेवण फी फी डॉनवर, म्हणजे यातल्या मोठ्या बेटावर असतं, जेवल्यावर पुढचा स्टॉप लगेच असेल तर हात आखडता घ्या. बांबू आयलंड ट्रिपमध्ये असेल तर तिथला उथळ भाग नवशिक्यांना फार छान.

काही झालं तर

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, व्हिनेगर अर्धा मिनिट सतत ओता आणि गाइडला लगेच सांगा. श्वासाला त्रास किंवा छातीत दुखत असेल तर ताबडतोब दवाखाना. काळ्या सी अर्चिनचे (तळाशी असणारा गोल काटेरी प्राणी) काटे घुसले तर उकरत बसू नका, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरा आणि काटे राहिले तर डॉक्टरकडून काढून घ्या. प्रवाळाने खरचटलं तर छोटं वाटतं पण बऱ्याचदा चिघळतं, स्वच्छ पाण्याने धुवून अँटिसेप्टिक लावा.

परतीचा प्रवास दुपारच्या वाऱ्यात असतो, सकाळपेक्षा जास्त आपटते बोट, त्यामुळे जागा परत मागचीच धरा आणि ओले कपडे बदलूनच बसा. भरपूर पाणी प्या, दिवसभर खाऱ्या पाण्यात राहून तहान कळत नाही. ज्या गाइडने पाण्यात हात धरून तुम्हाला फिरवलं त्याच्या हातात थोडे पैसे जरूर ठेवा. हॉटेलवर मास्क गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा, कान डोकं तिरपं करून कोरडे करा, बड्स घालू नका. स्कूबा केलं असेल तर विमानाआधी निदान १८ तासांची गॅप लागते, नुसत्या स्नॉर्केलिंगला तसं काही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट असली तरी चालेल.